चार मित्र, एक खोली आणि एक रेल्वे : धंदा शिकवणारा छंद



दिवाळीत किल्ला केलाय ना तुम्ही? विटा रचायच्या, त्यावर गोणपाट टाकायचं, मातीचा चिखल थापायचा, अळीव पेरायचे आणि कुंभारवाड्यातून आणलेले मावळे जागोजागी उभे करायचे. म्हणजे मॉडेल रेल्वेचं अर्धं काम तुम्हाला आधीच येतं. डोंगर येतो, गवत येतं, माणसं येतात. फक्त त्या डोंगरातून एक गाडी जायची बाकी असते.

मागच्या व्हिडिओत आपण भागीदारीबद्दल बोललो होतो. "सर, कागदावर सगळं पटतं, पण प्रत्यक्ष कसं करायचं?" हा प्रश्न नेहमीचाच. म्हणून आज एक वेगळं उदाहरण घेतोय. चार मित्र एकत्र येऊन घरातल्या एका खोलीत छोटी रेल्वे उभी करतात, तेव्हा काय काय करावं लागतं? जागा, पैसा, वेळ, कौशल्य, मतभेद, सगळं तेच असतं. फरक इतकाच, की इथे चूक झाली तर प्लायवूड वाया जातं. धंद्यात चूक झाली तर घर गहाण पडतं आणि मैत्रीही जाते.

पुण्यातच आहे याची शाळा

कोथरूडला कर्वे रस्त्याजवळ, ग. अ. कुलकर्णी पथावर, 'जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे' आहे. तुमच्यापैकी बरेच जण मुलांना घेऊन जाऊन आले असतील. पुढच्या वेळी जाल तेव्हा उद्योजकाच्या नजरेने बघा.

बी. एस. जोशी यांचा हा छंद. स्वतःची कंपनी होती, सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्स. ती सांभाळत त्यांनी हा छंद वाढवला. आता क्रम बघा. त्यांनी एकदम इमारत बांधली नाही. आधी हलवता येईल असा फिरता लेआउट तयार केला आणि १९८२ मध्ये पुण्याच्या गोखले हॉलमध्ये लोकांना दाखवला. पुढे मुंबई आणि सांगलीकरांनीही तो पाहिला. लोक येतात, पुन्हा येतात, हे दिसल्यावर कायमच्या जागेचा विचार. १ एप्रिल १९९८ ला आजचं संग्रहालय सुरू झालं. पहिल्या प्रदर्शनापासून कायमच्या जागेपर्यंत जवळपास सोळा वर्षं!

आपण काय करतो? आधी दुकानाचं डिपॉझिट भरतो, फर्निचर करतो, उद्घाटन करतो आणि मग गिऱ्हाईक शोधायला निघतो.

चला, आता आपली रेल्वे बांधायला घेऊ.

१. आधी खोली मोजा, स्वप्न नंतर

या छंदात सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण आहे 'एचओ'. म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. आता हिशोब करू. आपल्याकडचा नवा एलएचबी डबा साधारण साडेतेवीस मीटर लांब असतो. भागिले ८७ केलं की सत्तावीस सेंटिमीटर. सोळा डब्यांची गाडी आणि पुढे इंजिन, म्हणजे साडेचार मीटर. आणि आपली खोली? दहा बाय दहा! म्हणजे तीन मीटर. गाडी खोलीपेक्षा मोठी झाली.

मग काय, स्वप्न सोडायचं? नाही. सहा डब्यांची गाडी करायची. इंजिन धरून ती दोन मीटरच्या आत बसते आणि वळणावर निघाली की डोळ्यांना पूर्ण गाडीच वाटते.

वळणाचंही तसंच. बावीस इंचाच्या त्रिज्येचं पूर्ण वळण घ्यायचं तर व्यासच चव्वेचाळीस इंच. कडेला थोडी जागा सोडली की चार फूट झाले. आठ बाय चारचा प्लायवूडचा शीट म्हणूनच नवशिक्यांचा आवडता. पण लांब डबे या वळणावर अवघडल्यासारखे दिसतात. त्यांना याहून मोठं वळण लागतं. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा असेल तर साधारण पंचाहत्तर मिलिमीटर उंची गाठावी लागते. पन्नासला एक असा चढ ठेवला तर त्यासाठी पावणेचार मीटर रूळ लागतो. खऱ्या बोरघाटात चढ सदतीसला एक आहे, म्हणून कर्जतहून वर येणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. तुमचं छोटं इंजिनही असा चढ बघून दमतंच.

एक तडजोड सुरुवातीलाच कबूल करावी लागते. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. एचओमध्ये तो सव्वाएकोणीस मिलिमीटरच्या आसपास यायला हवा. पण बाजारात मिळणारा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून आलाय. अचूकतेचा आग्रह धरला तर प्रत्येक रूळ आणि प्रत्येक चाक हाताने करा! बहुतेक छंदी लोक हा पावणेतीन मिलिमीटरचा फरक मान्य करतात आणि पुढे जातात.

जॉन आर्मस्ट्राँग हे अमेरिकेतले या विषयातले मोठे नाव. रुळांची आखणी करण्याआधी ते दोन याद्या करायला सांगायचे. पहिलीत बदलता न येणाऱ्या गोष्टी : खोलीचं माप, दार, खिडकी, बजेट. दुसरीत आपल्या आवडी : घाट, यार्ड, मोठं स्टेशन, जुनं वाफेचं इंजिन. आवडींची यादी नेहमीच खोलीपेक्षा मोठी असते. मग एकेक आवड खोडायची.

धंद्यातही आपण आवडींची यादी करतो, अटींची करत नाही. "मला तीन शाखा हव्यात" ही आवड झाली. "माझ्याकडे चार महिन्यांच्या खर्चाइतकीच रोकड आहे" ही अट. अट आधी लिहा.

२. वाटणी कशी करायची? जोड सारखा, आतलं ज्याचं त्याचं

आता चार मित्र एकाच पाटावर काम करायला लागले की पहिल्या महिन्यात मजा येते. दुसऱ्या महिन्यात एकाला गाव हवं असतं, दुसऱ्याला कारखाना. तिसऱ्या महिन्यात एक जण यायचा थांबतो. आणि त्याने आणलेलं इंजिन कुणाचं, यावरून चौथ्या महिन्यात बोलणं बंद होतं.

यावर जगभरच्या छंदी मंडळींनी एक साधा उपाय शोधलाय. लेआउटचे सुटे तुकडे करायचे. प्रत्येकाने आपला तुकडा आपल्या घरी करायचा. आत काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. पण जिथे एक तुकडा दुसऱ्याला जोडला जातो, तिथले नियम सगळ्यांना सारखे : जमिनीपासून उंची किती, कडेपासून रूळ किती अंतरावर, बोल्टची भोकं कुठे, कुठल्या रंगाची वायर कशासाठी आणि प्लग कोणता. बस. एवढं एक पान कागदावर लिहून चौघांनी सह्या केल्या की रविवारी कुणाच्याही घरी जमा, तुकडे जोडा, गाडी सोडा.

आणि एखादा मित्र बदली होऊन नागपूरला गेला तर? तो त्याचा तुकडा घेऊन जातो. तुमची रेल्वे तुटत नाही, फक्त एक स्टेशन कमी होतं.

कळतंय ना, मी कशाबद्दल बोलतोय? भागीदारीचा करार करताना आपण "सगळं मिळून करू" असं म्हणतो. मिळून करायच्या गोष्टी कमीत कमी ठेवा आणि त्या कागदावर लिहा. बाकीचं ज्याचं त्याच्याकडे. आणि बाहेर कसं पडायचं ते आत येतानाच ठरवा. भांडण झाल्यावर ठरवायला बसलात तर वकील ठरवतो.

एमआयटीमध्ये १९४६ पासून विद्यार्थ्यांचा एक मॉडेल रेल्वे क्लब आहे. स्टीव्हन लेव्ही यांनी संगणक क्षेत्रातल्या हॅकर मंडळींवर १९८४ मध्ये जे पुस्तक लिहिलं, त्याची सुरुवातच या क्लबपासून होते. क्लबात दोन प्रकारची मुलं होती. एकांना डबे रंगवायचे, डोंगर करायचे, इतिहास शोधायचा. दुसऱ्यांना पाटाच्या खालची वायरिंग आणि स्विच यांचंच वेड. खालच्या वायरिंगवाल्यांतूनच पुढे अमेरिकेतले सुरुवातीचे प्रोग्रॅमर घडले. तुमच्या टीममध्येही हे दोन्ही प्रकार असतात. वरचं सजवणाऱ्याला खाली वाकायला लावू नका आणि वायरिंगवाल्याला झाड लावायला सांगू नका. पण दोघांना एकमेकांचं काम दिसलं पाहिजे, नाहीतर दोघांनाही वाटतं की खरं काम मीच करतोय.

३. आधी चालवा, मग सजवा

सामान कुठून आणायचं? पुणेकरांना सांगायला नको. लाकूड-प्लायवूडला भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. वायर, स्विचला तापकीर गल्ली. इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांना पासोड्या विठोबाचा परिसर. खिळे, रंग, डिंक, पत्रा आणि नाव न सांगता येणाऱ्या शंभर वस्तूंना रविवार पेठेतली बोहरी आळी. इंजिनं आणि डबे मात्र बरेचदा बाहेरून मागवावे लागतात. म्हणून तिथला खर्च आधी मोजा.

कामाचा क्रम असा. आधी खालची चौकट. ती डगमगली की वरचं सगळं डगमगतं. पुण्यात पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. म्हणून सांगाड्याला वाळलेलं लाकूड घ्या, प्लायवूडला दोन्ही बाजूंनी रंग द्या, रुळांच्या सांध्यांमध्ये किंचित फट ठेवा. मग रूळ. मग वायरिंग. रूळ लांब असला की टोकाला वीज पुरत नाही आणि गाडी मंदावते. म्हणून खालून दोन जाड वायरी फिरवून दर तीन-चार फुटांवर रुळाला जोड द्यायचा. सांध्यावर विसंबायचं नाही.

आणि आता सगळ्यात अवघड काम : थांबायचं. रंग नाही, डोंगर नाही, झाड नाही. दोन-तीन आठवडे नुसत्या उघड्या पाटावर गाडी चालवायची. पुढे, मागे, हळू, जोरात, सगळ्या सांध्यांवरून. कुठे रुळावरून उतरते, तिथे खडूने खूण करायची. एकाच जागी तीनदा उतरली तर इंजिनाला दोष देऊ नका, रूळ उचला आणि पुन्हा लावा. आता तो दहा मिनिटांत निघतो. वर खडी चिकटवली, डोंगर चढवला, बोगदा झाकला की तेच काम दोन रविवार खातं.

आपल्याकडे नवीन दुकानाचं उलटं असतं. बोर्ड चकाचक, पेढे वाटून झाले, इन्स्टाग्रामवर फोटो गेले. पण बिल करायला सात मिनिटं लागतात आणि स्टॉक कुठे आहे ते फक्त एका माणसाला माहीत. उद्घाटनाआधी पंधरा दिवस ओळखीच्या गिऱ्हाइकांवर उघड्या पाटाची चाचणी घ्या. जिथे गाडी उतरते तिथे खडूची खूण!

४. बारकावे : कोणासाठी आणि किती?

आता सजावट. इथे पहिला मोह म्हणजे परदेशी डोंगर. तयार मिळणारं गवत हिरवंगार, डोंगर टोकदार, घरांना लाल उतरती छपरं. सुंदर दिसतं, पण ते खंडाळा वाटत नाही. आपला सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा. काळा कातळ, मध्ये गवताची पट्टी, पुन्हा कातळ. गवत पावसाळ्यात हिरवं आणि मार्चमध्ये पिवळट तपकिरी. म्हणजे आधी महिना ठरवा! जुलैचा घाट आणि एप्रिलचा घाट एकाच पाटावर चालत नाहीत.

डोंगराला पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी, त्यावर डिंकात भिजवलेले वर्तमानपत्राचे तुकडे, वर कागदाचा लगदा. कातळाला आधी काळपट राखाडी रंग, वाळला की जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंगाचा हात, म्हणजे कडा उठून दिसतात. लाकडाचा बारीक भुसा रंगवून गवत. चाळलेली खरी माती. डब्यांवर खडूची पूड हलक्या हाताने फिरवली की धूळ बसल्यासारखी दिसते. नवा कोरा डबा खेळण्यासारखा दिसतो, थोडा मळलेला खरा वाटतो.

विषय हवा असेल तर बोरघाटासारखा दुसरा नाही. १८६३ मध्ये हा घाटमार्ग सुरू झाला. सुरुवातीला त्यात उलटं फिरण्याचं स्टेशन होतं, म्हणजे गाडी एका दिशेने यायची आणि उलट्या दिशेने पुढे चढायची. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि ते बंद पडलं. पुढच्याच वर्षी, १ जून १९३० ला, डेक्कन क्वीन सुरू झाली. म्हणजे १९२८ चा घाट करायचा की १९३० नंतरचा, हेही ठरवावं लागतं. घाट १९२८ चा केलात तर त्यात डेक्कन क्वीन धावू शकत नाही.

पण बारकावे किती करायचे? इथे हॅम्बुर्गचं उदाहरण घ्या. फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन हे जुळे भाऊ. त्यांचा आधीचा धंदा नाइटक्लबचा. २००० साली झुरिकमधलं एक मॉडेल रेल्वेचं दुकान बघून फ्रेडरिक यांच्या डोक्यात जगातली सगळ्यात मोठी मॉडेल रेल्वे करायची कल्पना आली. ऑगस्ट २००१ मध्ये 'मिनिएचर वंडरलँड' सुरू झालं. आज तिथे वर्षाला दहा लाखांहून जास्त लोक येतात.

त्यांनी बांधण्याआधी काय केलं? लोकांना शहरातल्या बघण्याजोग्या ठिकाणांची यादी दिली आणि त्यात आपलं अजून न झालेलं ठिकाणही घातलं. पुरुषांनी ते तिसऱ्या क्रमांकावर टाकलं. स्त्रियांनी शेवटच्या! कुटुंब घेऊन बाहेर पडताना ठरवतं कोण, हे तुम्हाला मी सांगायला नको. मग त्यांनी नुसत्या गाड्यांवर भर न देता भोवतीचं जग वाढवलं. कोथरूडलाही हेच दिसतं. अंधार होतो, छोट्या शहरात दिवे लागतात, आणि जिला इंजिनाचा नंबर माहीत नाही ती आजीसुद्धा बोट दाखवायला लागते.

म्हणून नियम असा : जिथे बघणाऱ्याचा डोळा थांबतो, तिथे जीव ओता. स्टेशनवरचा चहावाला, कुलीचा लाल शर्ट, फाटकात थांबलेली एस.टी. बाकीच्या डोंगरावर रंगाचा एक हात पुरे. तुमच्या दुकानातही गिऱ्हाईक तीनच ठिकाणी थांबतं : दार, काउंटर आणि पार्सलची पिशवी. गोडाऊनच्या भिंतीला टेक्श्चर पेंट कशाला?

५. मालक नसताना गाडी चालते का?

नुसती गोल फिरणारी गाडी पंधरा मिनिटांत कंटाळवाणी होते. म्हणून जाणकार मंडळी वेळापत्रक करतात. एक जण स्टेशन मास्तर, एक जण गाडी चालवणारा, एक जण यार्डात डबे जोडणारा. घड्याळ वेगाने पळणारं, म्हणजे खऱ्या दहा मिनिटांत तिथला एक तास. आणि वेगही प्रमाणात. खऱ्या ताशी शंभर किलोमीटरचा एचओमधला वेग सेकंदाला बत्तीस सेंटिमीटर. बहुतेक लोक याच्या दुप्पट वेगाने पळवतात.

आता खरी परीक्षा. ज्याच्या घरी रेल्वे आहे त्याने त्या रविवारी चहा करायला जायचं. बाकीच्यांनी फक्त लिहिलेल्या कार्डांवरून अर्धा तास गाड्या चालवायच्या. "अरे, तो तिसरा स्विच थोडा दाबून धरावा लागतो" असं आतून ओरडावं लागलं, तर रेल्वे तयार झालेली नाही. ती अजून मालकाच्या डोक्यातच आहे.

तुमचा धंदा किती दिवस तुमच्याशिवाय चालतो? अर्धा दिवस? एक दिवस? प्रामाणिक उत्तर द्या. आजारपण विचारून येत नाही.

मग छंदाचाच धंदा करायचा का?

हा प्रश्न मला सतत विचारला जातो, मग छंद केकचा असो, झाडांचा असो की रेल्वेचा. जर्मनीतली मॅर्कलिन ही कंपनी १८५९ ची. सुरुवात बाहुलीघरातल्या छोट्या भांड्यांपासून. १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी वाढवता येणारी, ठरलेल्या गेजची रेल्वे मांडली. म्हणजे या वाढदिवसाला रूळ, पुढच्या वाढदिवसाला डबा. गिऱ्हाईक एकदा आलं की वर्षानुवर्षं येत राहिलं. आणि हीच कंपनी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे ती सावरली, नवे मालक आले. पण नाव मोठं, माल उत्तम, दीडशे वर्षांचा इतिहास, तरी रोकड संपली की गाडी थांबते.

म्हणून उडी मारण्याआधी तीन प्रश्न. एक, ओळख नसलेल्या माणसाने यासाठी पैसे दिलेत का? मित्राचं कौतुक धरायचं नाही. दोन, रोज, मूड नसतानाही, तेच काम करायला आवडेल का? तीन, हे चाललं नाही तर घरखर्च कशातून? तिन्हीला उत्तर असेल तर फिरता लेआउट करा, हॉल भाड्याने घ्या, लोकांना दाखवा. नसेल तर छंद छंदच राहू द्या. त्यात कमीपणा काहीच नाही. दिवसभर वसुलीचे फोन करून आलेल्या माणसाला रात्री नऊ वाजता एक छोटं सिग्नल हिरवं करता येणं, हीसुद्धा कमाईच आहे.

आजचा गृहपाठ

एक कागद घ्या. डावीकडे बदलता न येणाऱ्या अटी, उजवीकडे आवडी. उजवीकडच्या निम्म्या खोडा.

भागीदार असेल तर 'जोडाचे नियम' एका पानावर लिहा : पैसे, वेळ, सही, बाहेर पडणं. दोघांनी सही करा.

आणि येत्या रविवारी दोन तास दुकानात जाऊ नका, फोनही करू नका. संध्याकाळी विचारा, गाडी कुठे उतरली. तिथे खडूची खूण करा आणि सोमवारी पहिलं काम तेच घ्या.

मुलांना घेऊन कोथरूडला एक चक्कर माराच. आणि यंदाच्या दिवाळीत किल्ल्याखालून एक बोगदा काढून ठेवा. गाडी नंतर आणता येईल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत रूळ साफ ठेवा, रोकड जपून वापरा!